थंडीतली झाडं थंडीतच का मेली? गोडोलीतल्या गच्चीवरच्या पाच सारासेनियांचं प्रकरण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता, सकाळी सकाळी दादाचा फोन. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, साताऱ्यात गोडोलीला राहतो. म्हणाला, "अगं, ही झाडं थंडीत टिकतात म्हणून मुद्दाम घेतली आणि बरोब्बर थंडीतच मरायला लागलीत, येऊन बघ जरा." मी शाहूपुरीत राहते, गेले संध्याकाळी. तिथून पुढं जे झालं त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय, चुकांसकट, कारण आपल्या भागात ही किडे खाणारी झाडं लावणारे वाढायला लागलेत आणि सगळे साधारण त्याच ठिकाणी अडकतात असं मला दिसतंय.

आधी झाडाबद्दल. आपल्याकडे घटपर्णी म्हटलं की मेघालयातली घटपर्णी डोळ्यासमोर येते, नेपेंथिस खासियाना, पानाच्या टोकाला दोरी आणि दोरीला लटकलेला घट. ही ती नव्हे. ही सारासेनिया, अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पूर्व भागातल्या दलदलीतली. हिचं आख्खं पानच नळीसारखं वळलेलं असतं आणि जमिनीतून सरळ वर येतं. तोंडाशी गोड रस, आत घसरडी भिंत, त्याच्याखाली उलटे केस आणि तळाशी पाचक पाणी. माशी, मुंगी, झुरळाचं पिल्लू, जे आत गेलं ते गेलं. खाली जमिनीत हळदीच्या गड्ड्यासारखा आडवा गड्डा असतो, आणि या प्रकरणात सगळा खेळ त्या गड्ड्याचाच आहे.

दादाने ऑनलाइन नर्सरीतून पाच कुंड्या मागवल्या होत्या. दोन पर्प्युरिया, म्हणजे बुटकी, फुगीर घटांची, डोक्यावर झाकण नसलेली, पावसाचं पाणी घटात साठवणारी. दोन ल्युकोफिला, म्हणजे उंच, वरचा भाग पांढरा आणि त्यात लाल-हिरव्या शिरांची जाळी. आणि एक पिवळट उंच फ्लाव्हा. माहितीत लिहिलेलं की कडाक्याची थंडी सहन करते, बाहेर ठेवा. ते खोटं नाही. पर्प्युरिया पार कॅनडात वाढते, न्यूफाउंडलंड आणि लॅब्रेडॉर प्रांताचं ते अधिकृत फूल आहे, हिवाळाभर बर्फाखाली गाडलेली असते आणि उन्हाळ्यात परत उठते. दादाने त्याचा अर्थ असा लावला की जे झाड एवढ्या थंडीत जगतं त्याला साताऱ्याची थंडी म्हणजे काहीच नाही, इथं तर ते अजून मजेत राहील. मी स्वतः सुरुवातीला असंच समजत होते. पण थंडी सोसणं वेगळं आणि थंडी लागणं वेगळं. हे झाड नुसती थंडी सोसत नाही, त्याला ती लागते. साधारण तीन महिने रात्री दहा अंशाच्या खाली किंवा आसपास आणि दिवस लहान, असं मिळालं की ते झोपतं, जुनी पानं वाळवतं, गड्ड्यात साठा धरून बसतं आणि वसंतात आधी फूल आणि मग नवे घट काढतं. झोप नाही मिळाली तर लगेच मरत नाही, आणि गोची इथंच आहे. एक वर्ष छान दिसतं, दुसऱ्या वर्षी बारीक होतं, तिसऱ्या वर्षी जातं. नर्सरीतून येताना गड्ड्यात जो साठा असतो त्यावर पहिलं वर्ष निघतं आणि आपल्याला वाटतं जमलं.

दादाचं अगदी असंच झालं होतं. पहिल्या पावसाळ्यात आलेली झाडं, त्या वर्षी घटांनी गच्च भरली, त्याने सगळ्यांना फोटो पाठवले. दुसऱ्या वर्षी घट अर्धे. मग त्याला वाटलं थंडी बाधली असेल, म्हणून त्या डिसेंबरात त्याने कुंड्या घरात आणून लाइटखाली ठेवल्या, दिवसाला चौदा तास. म्हणजे जी थोडीफार झोप साताऱ्याच्या हवेत मिळाली असती ती पण गेली.

मी गेले तेव्हा गच्चीवर एकाच मोठ्या ट्रेमध्ये पाचही कुंड्या होत्या. कुंड्यांच्या काठावर पांढरी खारट पापडी, कॉफीच्या डागासारखी गोल गोल. तेव्हाच डोक्यात आलं की नुसती झोप नाही, पाणी पण आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर घरून नेलेलं, ट्रेमधलं पाणी मोजलं तर ९०० च्या वर. बोअरचं मूळ पाणी ४८० होतं, उन्हात आटत आटत खाली क्षार राहिलेले. ही झाडं ५० च्या आतल्या पाण्यातली, जास्तीत जास्त १०० ओढून नेतात. ज्या दलदलीत ती वाढतात तिथं माती एवढी कंगाल असते की झाडाला किडे खायची वेळ येते, आणि आपण त्यालाच आपल्या काळ्या पाषाणातलं जड पाणी पाजतो. मुळं जळतात. दादा म्हणाला, "पावसाळ्यात तर मस्त होती." असणारच, पावसाळ्यात पावसाचं पाणी होतं.

आता प्रश्न असा की दोन कारणं एकाच वेळी लागू झालेली आणि दोघांची लक्षणं वरून सारखीच दिसतात, म्हणजे झाड खंगतंय, घट येत नाहीत, टोकं करपतायत. कुठलं कारण किती हे कसं ठरवायचं?

आमच्या आत्याचे मिस्टर, म्हणजे मामा, कोरेगाव तालुक्यात आयुष्यभर आलं पिकवत आले. ते त्या दिवशी योगायोगाने दादाकडे होते. मी गड्डा धुऊन वर्तमानपत्रावर ठेवला तर त्यांनी न विचारता हातात घेतला, अंगठ्याने दाबला, नाकाशी धरला आणि म्हणाले, "हे कुजलंय, याला आल्यासारखी कंदकूज झालीय. हे दुसरं मात्र कुजलं नाही, हे उपाशी आहे." आणि खरंच होतं ते. एका पर्प्युरियाचा गड्डा मऊ, तपकिरी, आंबूस वासाचा. दुसऱ्या पर्प्युरियाचा गड्डा टणक, आत पांढरा, पण करंगळीएवढा उरलेला. ल्युकोफिलाचे गड्डे बरे होते, मुळं अर्धी काळी अर्धी पांढरी. फ्लाव्हाला सगळी चपटी, तलवारीसारखी पानं आलेली आणि दादाला वाटत होतं हाच मोठा रोग आहे, पण फ्लाव्हा थंडीच्या आधी तशी चपटी पानं काढतेच, त्यात काही बिघाड नसतो. पाचांत सगळ्यात धडधाकट फ्लाव्हाच होती आणि दादा तिच्यावरच बुरशीनाशक मारत बसला होता.

मामांनी कुजलेला आणि उपाशी असा जो फरक केला त्यावर मी पुढचं सगळं बेतलं. जड पाण्याने मुळं जळतात, मग कूज शिरते. झोप न मिळाल्याने गड्डा टणक राहतो पण दर वर्षी लहान होत जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. फेब्रुवारी सरत आलेला, त्या वर्षीची थंडी तर गेलीच होती, म्हणून आधी फक्त पाणी.

पहिलं वर्ष, फक्त पाणी आणि माती

सगळी झाडं उपटून धुतली, कूज लागलेलं धारदार ब्लेडने पार पांढऱ्यापर्यंत कापलं. जुनं मिश्रण कोकोपीटचं होतं, न धुतलेलं. कोकोपीटला मीठ असतं, वापरायचंच असेल तर पाच सहा पाण्यातून काढावं लागतं आणि शेवटचं पाणी मीटरने तपासावं लागतं. आम्ही पीट मॉस (दलदलीतलं जुनं कुजलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) घेतलं, साधारण दोनास एक. खत नाही, शेणखत नाही, गांडूळखत तर अजिबात नाही. लोकांचा हात आपोआप खताकडे जातो, म्हणून परत लिहिते, मुळाशी काहीही घालू नका.

पाण्यासाठी जूनपर्यंत घरच्या आरओचं चांगलं पाणी, ३० च्या आसपास येतं. आरओचं जे बाहेर फेकायचं पाणी असतं ते बादलीत धरून काहीजण झाडांना घालतात, या झाडांना ते विष आहे, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. पाऊस सुरू झाल्यावर गच्चीचं पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून दिलं आणि नंतर दोनशे लिटरचे तीन ड्रम भरून घट्ट झाकून ठेवले. पाच कुंड्यांना ते पुढच्या मार्चपर्यंत पुरलं.

ट्रेच्या पाण्यावरून एक गोष्ट सांगायचीच आहे. डेंग्यूच्या सर्व्हेला आलेल्या ताई ट्रे बघून थबकल्या आणि त्यांचं बरोबरच होतं, वितभर साठलेलं पाणी म्हणजे डासांचं घर. तेव्हापासून दादा आठवड्याला एक कोरडा दिवस पाळतो, ट्रे ओतून पुसून पुन्हा भरतो, आणि पाणी दोन बोटांपेक्षा जास्त ठेवत नाही. झाडाला ते उलट मानवलं, कारण पाणी हलतं राहतं आणि क्षार साठत नाहीत. अळीनाशक औषध ट्रेमध्ये टाकू नका, घट आणि मुळं दोन्हीकडे ते जातं, पाणीच बदला.

मे महिन्यात अजून एक अडचण, कुंडी तापते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला गच्चीवर दुपारी हात लावता येत नाही. वर ऊन पाहिजेच, सहा तास तरी कडक ऊन, नाहीतर घट लेचेपेचे आणि हिरवे राहतात, पण मुळं गार पाहिजेत. मासळीवाल्याकडून थर्माकोलचा मोठा खोका आणला, धुतला, काठापासून चार बोटं खाली बाजूला एक भोक पाडलं म्हणजे जादा पाणी तिथून निघून जाईल, आणि सगळ्या कुंड्या त्यात मिश्रणात गाडून ठेवल्या. तीस रुपयांचा खोका, पण माझ्या मते आपल्या हवेत यापेक्षा चांगली कुंडी नाही.

ऑक्टोबरपर्यंत काय झालं? ल्युकोफिला सुधारल्या. नुसत्या सुधारल्या नाहीत, पाऊस ओसरल्यावर नवरात्रात त्यांनी असे पांढरे घट काढले की रात्री गच्चीवरचा दिवा लावला की आधी तेच दिसायचे. ही जात मुळातच पावसाळ्यानंतरच्या दिवसांत सगळ्यात देखणे घट काढते आणि आपलं सप्टेंबर ऑक्टोबरचं ऊन तिला फार आवडतं. फ्लाव्हा आधीपासून ठीकच होती. पर्प्युरिया मात्र तशीच. मुळं पांढरी झाली, कूज थांबली, पण घट सुपारीएवढे आणि गड्डा करंगळीएवढाच. म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला होता आणि उरलेला प्रश्न पर्प्युरियात उघडा पडला होता.

याचं कारण नकाशात आहे. ल्युकोफिला मेक्सिकोच्या आखाताकाठची, साधारण ३० अक्षांशाची, तिथला हिवाळा छोटा आणि मवाळ. उत्तरेकडची पर्प्युरिया ४५-५० अक्षांशाची, तिथं डिसेंबरात दिवस आठ साडेआठ तासांचा आणि जूनमध्ये सोळाचा. सातारा १७ अंश आणि काही मिनिटांवर. आपला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा तेरा तासांच्या जरा वर. म्हणजे तापमानाचं सोडा, नुसत्या उजेडावरून सुद्धा या झाडाला इथं हिवाळा आला हे नीट कळतच नाही.

इथं कासच्या पठाराची आठवण येते. कासच्या सड्यावर पण कीटकभक्षी वनस्पती आहेत, दवबिंदू म्हणतो ती ड्रॉसेरा आणि सीतेची आसवं म्हणतो ती निळी-जांभळी युट्रिक्युलेरिया. त्यांना ना फ्रिज लागतो ना काही. पावसात उगवतात, सप्टेंबरात फुलतात, सडा वाळला की बी टाकून संपतात, उन्हाळा बियांच्या रूपात काढतात. आपल्या झाडांचा वाईट काळ उन्हाळा आणि सारासेनियाचा वाईट काळ हिवाळा, दोघी आपापल्या वाईट काळात झोपतात. (कासवरून कुणी कृपा करून एक रोप पण उपटून आणू नका. तो सडा २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि ती झाडं कुंडीत आणलीत तर मरतातच.)

दुसरं वर्ष, झोप

माझ्या वन्संचं घर भिलारला, स्ट्रॉबेरी आहे त्यांची. पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात बाराशे-तेराशे मीटरवर, थंडी साताऱ्यापेक्षा बरीच जास्त, आणि वेण्णा लेकच्या बाजूला तर काही वर्षी पहाटे गवतावर हिमकण धरतात. वन्संना विचारलं, म्हणाल्या, "ठेवा की, गादीवाफ्याच्या कडेला पाणी तर चालूच असतं." मी म्हटलं, "वन्सं, ड्रिपचं पाणी नको, त्यात खत असतं, मी ड्रम पाठवते." त्यांनी पुढं चार महिने दर तीन दिवसांनी मगाने पावसाचं पाणी घातलं, या प्रयोगात त्यांचा वाटा माझ्याइतकाच आहे.

दिवाळी झाल्यावर वाटणी केली. ल्युकोफिलाचे एव्हाना सहा फुटवे झालेले, दोन गच्चीवर, दोन भिलारला, दोन फ्रिजमध्ये. पर्प्युरियाचा गड्डा दोन तुकडे होण्याइतकाच होता, मोठा भिलारला आणि लहान फ्रिजमध्ये. फ्लाव्हा भिलारला. फ्रिजवाल्यांची पानं चार बोटं ठेवून कापली, गड्डे धुतले, ओल्या पण घट्ट पिळलेल्या स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे दलदलीतल्या शेवाळात, गुंडाळले, झिपच्या पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवले, चार-पाच अंशावर. गार झोपेत उजेड लागत नाही. दर रविवारी पिशवी उघडून बघायची, करडी बुरशी दिसली तर तेवढं पुसायचं. वहिनीने इडलीच्या पिठाशेजारी कुजकं काही ठेवू देणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून एक डबा वेगळा केला.

दोन्हीकडे कमाल-किमान थर्मामीटर ठेवलेला. गोडोलीच्या गच्चीवर त्या हिवाळ्यात सगळ्यात खाली पारा साडेनऊला गेला, तो पण दोनच रात्री, एरवी बारा ते चौदा, आणि दुपारी एकोणतीस. भिलारला खालचा आकडा साडेपाच, बहुतेक रात्री आठ ते अकरा, दुपारी चोवीसच्या आसपास. कॅनडाच्या मानाने हे काहीच नाही. मला वाटलेलं भिलारची पण पुरणार नाही.

पुरली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वन्संचा फोन आला की त्या बुटक्या झाडाच्या मधून एक लाल गोळी वर येतेय. कळी होती! तीन वर्षं फूल न दिलेली पर्प्युरिया. फ्रिजमधला तुकडा पण नीट उठला, टणक नवे घट आले, फूल नाही आलं, पण तो तुकडा मुळातच लहान होता त्यामुळं फ्रिज कमी पडला असं मी म्हणणार नाही. फ्रिजमधून काढल्यावर एक चूक आमची झाली, फेब्रुवारीच्या उन्हात सरळ गच्चीवर ठेवले आणि पहिली कोवळी पानं भाजली. आधी आठवडाभर सावलीत पाहिजे होते. गच्चीवरच्या ल्युकोफिला जानेवारीतच जाग्या झाल्या, म्हणजे झोपल्याच जेमतेम सहा आठवडे, वसंतातले घट बारीक होते, पण जगल्या आणि एकीला किरकोळ कळी पण आली. भिलारच्या ल्युकोफिला त्यांच्या दुप्पट.

झाडं मोजकी होती, एकेका जागी एक-दोन, त्यामुळं याला मी पुरावा म्हणत नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे जे चालू आहे ते याच्यावरच चालू आहे. माणदेशातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाला परत येतात, तशी आमची झाडं दिवाळीनंतर भिलारला चढतात आणि मेअखेरीस साताऱ्यात उतरतात. उतरवायलाच लागतात, कारण भिलारचा पाऊस त्यांना झेपत नाही, जुलैत पंधरा पंधरा दिवस ऊन नाही, उंच घट वाऱ्याने आडवे होतात, लाल रंग उडतो. साताऱ्याचा पाऊस मवाळ, मधून उघडीप, तो मात्र त्यांना अगदी घरचा वाटतो.

आणि मग फूल आलंच आहे तर

दादा म्हणाला, "दर वर्षी हे वर-खाली किती दिवस करायचं? इथलंच होईल असं झाड नाही का करता येणार?" मला तो प्रश्न फार आवडला. सारासेनियात एक मोठी सोय आहे, सगळ्या जातींची गुणसूत्रं २६, त्यामुळं कुठल्याही दोन जातींचा संकर होतो आणि तो संकर खेचरासारखा वांझ निघत नाही, त्याला पुढं बी धरतं. माणसांनी हे फार आधीपासून केलंय, फ्लाव्हा आणि ल्युकोफिलाचा आयर्लंडमध्ये केलेला संकर १८७४ मध्ये फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनात मांडला होता. आमचा विचार साधा होता. ल्युकोफिलाकडून थोड्या झोपेवर भागवण्याचा गुण, पर्प्युरियाकडून बुटका बांधा, जो वाऱ्यात पडत नाही.

फूल उलट्या छत्रीसारखं असतं आणि ते कळल्याशिवाय हात लावू नका. पाकळ्या खाली लोंबतात, आत मध्यभागी उघडलेली छत्री उलटी धरल्यासारखा भाग, त्या छत्रीत पराग वरून गळून साठतो, आणि छत्रीच्या पाच टोकांना आतल्या बाजूने बारीक टोचा असतो, तेवढीच ती जागा पराग घेणारी. माशी आत शिरताना त्या टोकाला घासून जाते आणि बाहेर पडताना पाकळीखालून निघते, म्हणून स्वतःचा पराग स्वतःला सहसा लागत नाही. आपण करताना आधी आईच्या फुलातले पुंकेसर पिकायच्या आत चिमट्याने काढायचे. ल्युकोफिला उशिरा उमलते, पर्प्युरिया आधी उमलली होती, म्हणून पर्प्युरियाचा पराग बटर पेपरच्या पुडीत, पुडी सिलिका जेलच्या डबीत आणि डबी फ्रिजमध्ये. बारा दिवसांनी पाडव्याच्या सुमाराला भिलारच्या ल्युकोफिलाच्या पाचही टोकांना ब्रशने लावला, तीन दिवस रोज. वर लग्नात बदाम देतात ती जाळीची पिशवी बांधली आणि देठाला लाल दोरा.

बोंड भरायला पाच महिने लागतात, म्हणजे पिकायची वेळ बरोब्बर ऑगस्ट-सप्टेंबर, पावसाची. आईझाड जूनमध्ये साताऱ्यात आणलं आणि बोंडावर पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून टोपीसारखा बसवला, हवा खेळेल असा. गणपती उठल्यावर बोंड तपकिरी होऊन तडकलं. १६४ बिया. दादाने दोनदा मोजल्या.

बी लगेच उगवत नाही, त्याला पण थंडी लागते, ओल्यात पाच आठवडे. बियांवर मेणचट थर असतो, पाण्यावर तरंगतात, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की भिजतात. डिसेंबरात ओल्या मॉससकट फ्रिजमध्ये, संक्रांतीनंतर पेरल्या, वरून माती न टाकता, नुसत्या पसरून. १२० पेरल्या, ८३ उगवल्या. नखाएवढ्या रोपाला बियातून आलेल्या पहिल्या दोन पानांनंतर लगेच इवलेसे घट येतात, मिरीएवढे, आणि त्यात खरोखर बारीक मुंग्या अडकतात. उन्हाळ्यात मर लागून ६० उरल्या.

आणि आता माझी चूक. पहिल्या हिवाळ्यात साठच्या साठ रोपं गच्चीवरच ठेवली, निवड करायची म्हणून. ५७ जगली. मी इतकी खूश झाले की दादाला म्हटलं, झालं, इथली झाडं तयार झाली. दुसऱ्या हिवाळ्यानंतर ५१. तेव्हा तर खात्रीच. पण पहिली दोन-तीन वर्षं सारासेनियाची पिल्लं झोपेशिवाय पण वाढतात, कितीतरी लोक मुद्दाम त्यांना हिवाळाभर उबेत वाढवून लवकर मोठी करतात. म्हणजे मी ज्याला निवड म्हणत होते ती निवड नव्हतीच, परीक्षेलाच कोणी बसलं नव्हतं. हे मला आधी माहीत असायला पाहिजे होतं, वाचलेलं होतं, पण आकडे चांगले आले की माणूस वाचलेलं विसरतो. तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे गेल्या, खरा निकाल यायला लागला. ५१ पैकी १७ रोपं फेब्रुवारीनंतर उठलीच नाहीत किंवा दोन-तीन सुकट पानं काढून बसली. उरलेल्या ३४ मधली ११ मात्र खणखणीत, घट मागच्या वर्षीपेक्षा मोठे आणि गड्डा बोटाने चाचपला तर अंगठ्याएवढा.

त्या १७ मधली जिवंत होती तेवढी भिलारला पाठवलीत. मी टाकून देणार होते, निवडीचा नियम तोच आहे, वन्संनी नाही टाकू दिली.

अकरांत ३७ नंबरचं एक रोप आहे. बुटकं, पोट पर्प्युरियासारखं फुगीर, आणि वरची झालर ल्युकोफिलाची, पांढरी, चुणीदार, त्यात लाल शिरा. गेल्या पावसाळ्यात गांधीलमाशीने त्याच्या एका घटाला आतून भोक पाडून सुटका करून घेतली, त्या भोकावर पण दादाने फेव्हिकॉलने पारदर्शक कागद चिकटवला इतका त्याचा त्याच्यावर जीव. फुटवा अजून नाही, त्यामुळं वाटून दोन जागी ठेवता येत नाही. दादाचं म्हणणं, एवढं एक भिलारला ठेवू, जोखीम नको. माझं म्हणणं, ते गच्चीवर चौथा हिवाळा काढतंय का हेच तर बघायचंय, वर नेलं तर आपल्याला कधीच कळणार नाही. परवा यावर तासभर बोललो. मामा ऐकत होते, शेवटी म्हणाले, "बेणं जपायचं असतं, पण कुठल्या रानात लावायचंय ते ठरवून."

दिवाळीनंतर अकराच्या अकरा गच्चीवर राहतील. ३७ नंबर खोक्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथं दुपारी भिंतीची सावली पडते. थर्मामीटर त्याच्याच शेजारी खोचलाय.